काश्यप गोत्रातले सहा जण

देवासहून धारला जाण्याला कोणी प्रवास म्हणणार नाही. इंदूरला बस बदलली की माणूस जेवायच्या वेळेपर्यंत धारला पोचतो. तरी आमच्या कॉलनीतल्या पुष्कळ लोकांनी धार पाहिलेलं नाही. बाबा कारखान्यात फिटर आहेत. नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले तेव्हापासून त्यांचे रस्ते दोनच, कारखाना आणि वर्षातून एकदा गाव. कामासाठी एकटी परगावी गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण हिंदीतून झालं, तेव्हा मराठीत कुठे अडखळले तर समजून घ्यावं.

काम असं होतं. आमच्या कॉलेजच्या इतिहासाच्या सरांना परदेशातून एक पत्र आलं होतं. लिहिणाऱ्या मिरियमबाई आता सत्तरीला आल्या आहेत. त्यांचे वडील डॉक्टर फेल्डर व्हिएन्नाचे, ज्यू. हिटलरने ऑस्ट्रिया घेतला तेव्हा बायकोला आणि चार वर्षांच्या मिरियमला घेऊन ते निघाले आणि कसेबसे धार संस्थानाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले. म्हातारे आईवडील, बहीण, मेहुणा आणि भाचा मागे राहिले. इथे आल्यावर पत्र आलं, की बहिणीला मुलगी झाली आहे, तीन महिन्यांची आहे. पुढे पत्रं यायची थांबली. मागे राहिलेल्यांपैकी एकही जण वाचला नाही.

अशी मारली गेलेली माणसं एका ठिकाणी नावानिशी नोंदवून ठेवतात म्हणे. प्रत्येकाचा एक कागद. मिरियमबाईंनी पाच कागद भरले होते. सहावा राहिला होता, त्या बाळाचा, कारण बाळाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. वडिलांनी पुन्हा कधी तो विषय काढू दिला नाही, आणि पत्रांचा गठ्ठा बहुतेक धारमध्येच राहिला. त्यांनी लिहिलं होतं, ‘नाव नाही मिळालं तर मला नुसतं बाळ असं लिहावं लागेल. मला ते करायचं नाही.’

सरांनी मला दोन गोष्टी बजावल्या. फक्त कागद मागायचे. आणि आपण बाळाचं नाव शोधतो आहोत हे कोणाला सांगायचं नाही. “आपली माणसं भली असतात बेटा. तू निराश होऊन जाऊ नयेस म्हणून एखादं नाव तयार करून देतील.” बाकीची पाच नावंही दाखवायची नाहीत. ती माझ्या डायरीच्या मागच्या पानावर होती.

द्वादशी, धार

२००३ सालचा पितृपक्ष चालू होता. श्राद्धाच्या दिवसांत नवं काम काढू नये, असं आईचं म्हणणं. मी म्हटलं, सुट्टी आत्ताच आहे. आता वाटतं, आईचं ऐकलं असतं तर चिडचिड वाचली असती, पण मग हे लिहायलाही काही उरलं नसतं.

इंदूरला धारची बस उभीच होती. कंडक्टर ओरडत होता, “बैठो भेनजी, अब्बी चल रिये हें.” मी बसले. पाऊण तास त्याचं ‘अब्बी’ चाललं होतं. ड्रायव्हर समोर कचोरी खात होता. एकदाची निघाली, तर अर्ध्या वाटेत पुन्हा कचोरीसाठी थांबली. माझ्याशिवाय कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

उतरायची सोय सरांनी मोऱ्यांकडे केली होती. डॉक्टर फेल्डरांच्या हाताखाली जे कंपाउंडर होते, तात्या मोरे, त्यांचं हे घर. तात्या केव्हाच वारले. त्यांचे चिरंजीव म्हणजे आबा, आता पंचाहत्तरीच्या पुढचे. आबांचे चिरंजीव सुरेशभिया, औषधांचं दुकान चालवतात. आणि शालिनीवहिनी. धारचे राजे पवार, त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातून आलेलं हे घराणं. आबांचं मराठी ऐकून मला माझ्या मराठीची लाज वाटली. आमच्याकडे ‘आलीस का’ म्हणतात, ते म्हणाले, “येणे जाहले का सुखरूप?”

जेवताना मी विषय काढला. डॉक्टरांचे काही कागद, पत्रं?

आबांनी तोंड उघडायच्या आत सुरेशभिया म्हणाले, “अरे बहन, कागद कहाँ! सब उदई खा गई. वाळवी. तात्यांचं सर्टिफिकेटसुद्धा गेलं.”

मी आबांकडे पाहिलं. “आबा, एखादा कागद तरी?”

“कागद नाहीत,” आबा म्हणाले, आणि आमटी भुरकली. मग म्हणाले, “अमावस्येपर्यंत राहा, पोरी. मग जा.”

पाहुण्याला राहा म्हणायची रीत असते. मी हो म्हटलं आणि विसरले.

त्रयोदशी, धार

सकाळी पोहे-जिलबी. देवासलाही हेच, पण इथे पोह्यांवर शेव इतकी घालतात की पोहे शोधावे लागतात. खाऊन मी जुनी दफ्तरं शोधायला निघाले.

पहिल्या कार्यालयातले बाबू सज्जन होते. माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, “संस्थानकालके बस्ते तो हें. वो अलमारी में. पर श्राद्ध चल रिये हें ना. पुराना बस्ता खोलना ठीक नी. अमावस के बाद आ जाओ.”

मी म्हटलं, सरकारी कपाटाला श्राद्धपक्ष असतो का? म्हणजे, मनात म्हटलं. तोंडातून “जी” एवढंच निघालं.

दुसरीकडे किल्ली ज्यांच्याकडे होती ते काकांच्या श्राद्धाला गेले होते. तिसरीकडे मला बसवून ठेवलं आणि दोन तासांनी सांगितलं की असली रजिस्टरं इथे कधी नव्हतीच. मग आधी का बसवलं? “आप आई थीं तो,” ते म्हणाले.

ऊन कडक होतं. मुंज तलावाच्या काठाने परतताना घराघरांच्या भिंतींवर शेणाने काढलेल्या संजा दिसल्या. इथल्या मुली पितृपक्षात रोज नवी आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, आणि शेवटी सगळं पाण्यात सोडतात. आमच्या कॉलनीत क्वार्टरच्या भिंतींना शेण लावलं तर नोटीस येईल. एका मुलीने विचारलं, “दीदी, किसको ढूँढ रई हो?” मी म्हटलं, एका डॉक्टरांना. ती म्हणाली, “बीमार हो?”

संध्याकाळी सुरेशभियांना दुकानात बातमी लागली. दवाखान्याची जुनी रजिस्टरं कुक्षीला गेली आणि तिथल्या एका निवृत्त मास्तरांकडे आहेत. “वो सब जानते हें,” ते म्हणाले. आबा ओट्यावर बसून ऐकत होते.

“कुक्षीस कशाला जातेस?” त्यांनी विचारलं.

“कागद बघायला.”

“उन्हाचे जाऊ नको. अमावस्येपर्यंत थांब.”

दिवसभरात ‘अमावस्या’ ऐकायची ही पाचवी वेळ. मी जरा तोडूनच म्हटलं, “आबा, माझी सुट्टी संपते आहे.” त्यांनी मान हलवली. वडीलधाऱ्यांशी असं बोलत नाहीत आमच्याकडे. रुखरुख लागली, पण माफी मागितली नाही.

चतुर्दशी, कुक्षी

धारहून कुक्षीला जाताना माळव्याचं पठार संपतं, रस्ता घाट उतरतो आणि हवाच बदलते. वर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, खाली कापूस आणि मिरची. हे सगळं नीट बघितलं असतं, पण टायर फुटलं. जॅक सापडेना. मिळाला तेव्हा कळलं की स्टेपनीत हवा नाही. शेतातल्या एका बाईंनी भुट्टे भाजून दिले. सगळे प्रवासी खाली बसून सहलीला आल्यासारखे खात होते, आणि एकटी मी घड्याळ बघत होते.

कुक्षीचे मास्तर घरीच होते. पांढरा सदरा, मोठा आवाज. मी नमस्कार करून डॉक्टरांचं नाव सांगितलं.

“हाँ हाँ, जर्मन डॉक्टर! क्या आदमी था! हिटलर का खास था.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“हिटलरने खुद भेजा था राजासाब के पास,” ते पुढे म्हणाले. “बड़ी इज्जत थी.”

“मास्साब, ते ज्यू होते. यहूदी. हिटलरमुळे पळून आले होते. त्यांच्या घरच्यांना मारलं त्याने.”

“वोई तो. दोनों में कुछ झगड़ा हो गया होगा.”

मी प्रश्न विचारायला गेले होते, शिकवायला नाही, हे मला कळत होतं. ते माझ्या आजोबांच्या वयाचे होते आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगत होते. पण राहवलं नाही. मी म्हटलं, झगडा नव्हता. म्हाताऱ्या आईवडिलांना नेलं, बहिणीला नेलं, तिच्या मुलाला नेलं, तीन महिन्यांचं बाळ होतं त्या घरात, त्याचं आज कोणाला नावसुद्धा माहीत नाही.

बोलून गेल्यावर लक्षात आलं की सरांचा नियम मी मोडला होता.

मास्तरांना खरंच वाईट वाटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी मांडीवर हात मारला.

“रोझी.”

“काय?”

“बच्ची का नाम. रोझी. डॉक्टरसाब बोलते थे. लिख लो.”

रजिस्टरं? ती त्यांच्याकडे नव्हती, कधीच नव्हती. पण नाव पक्कं होतं. त्यांनी चहाबरोबर शेव दिली आणि मी डायरीत लिहीपर्यंत समोरून हलले नाहीत. मी लिहिलं, रोझी.

परतीच्या बसमध्ये त्या पानाकडे बघत होते. नाव चांगलं होतं. कागद भरला गेला असता. मिरियमबाईंना बरं वाटलं असतं, मला धारला पुन्हा यावं लागलं नसतं, आणि हे खोटं आहे हे जगात कोणालाही सिद्ध करता आलं नसतं. नर्मदेवरच्या खलघाटच्या पुलापर्यंत मी असाच विचार करत होते, असं म्हणणार होते, पण ती बस त्या रस्त्याने जातच नाही. इतकंच सांगते की बराच वेळ केला. शेवटी नाव खोडलं. आमच्या घरी बाबांचं रेशनकार्डवरचं नाव चुकलं आहे. ते दुरुस्त करायला ते सात वर्षं खेटे घालत आहेत. नाव चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं, असं ते म्हणतात.

अमावस्या, धार

पहाटेच बॅग भरली. आठची बस धरायची, सरांना सांगायचं की मिळालं नाही. वहिनींनी दारातच अडवलं.

“अगं, आज सर्वपित्री. घरातून पाहुणा उपाशी जाईल? वडे तळते आहे.”

“वहिनी, बस...”

“बसा रोज निघतात.”

श्राद्धाचा स्वयंपाक पान ठेवल्याशिवाय कोणाला मिळत नाही, हे मलाही ठाऊक. पण आमच्याकडे बाबा एका पानावर वरणभात आणि खीर ठेवतात, कावळ्याला घालतात आणि ड्यूटीला जातात. इथे गुरुजी यायचे होते. अमावस्येला गुरुजींना सात घरं. आठ वाजले, नऊ वाजले. आठची गेली, साडेनऊची गेली. आतून वड्यांचा वास येत होता आणि मी दाराशी बॅगवर बसून होते. राग आबांचाही येत होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अमावस्या झाली की नाही शेवटी!

गुरुजी दहाला आले, घामाघूम, सायकलवरून. आबा दक्षिणेकडे तोंड करून पाटावर बसले. उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं, बोटात दर्भाचं पवित्रक. गुरुजी विचारायचे, आबा नाव सांगायचे, तीळ घातलेलं पाणी अंगठ्याच्या बाजूने ताम्हनात सोडायचे. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी. काका, मामा, आत्या. यादी संपेना. मी घड्याळ बघत होते.

“आता आप्त,” गुरुजी म्हणाले. “गोत्र काश्यप, तेच ना?”

“काश्यप.”

“नाव?”

“इग्नाझराव,” आबा म्हणाले.

मी घड्याळावरून मान वर केली.

“रेगिनाबाई,” आबा म्हणाले. पाणी सोडलं. “ओटोराव. ग्रेटाबाई.” पाणी. “चिरंजीव पाउल.” पाणी. मग आबा थांबले, आणि गुरुजींनी पंचांग बाजूला ठेवलं, जसं काही हे थांबणंही दरवर्षीचंच होतं.

“आबासाहेब, दर वर्षी सांगतो. दात न आलेल्या बाळाचं श्राद्ध नसतं. शास्त्रात नाही.”

“तिला दात आले होते की नव्हते, तुम्हांस ठाऊक आहे?”

“मला कसं ठाऊक असणार?”

“मलाही नाही. शेवटल्या पत्रात तीन महिन्यांची होती. पुढे किती जगली, कोणी सांगितले नाही. तेव्हा म्हणा.”

“माझ्या वडिलांशीही तुमच्या तात्यांनी हाच वाद घातला होता.”

“मग वडिलांनी काय केले?”

“म्हटलं.”

“मग तुम्हीही म्हणा.”

गुरुजींनी उसासा टाकला. “नाव?”

“कुमारी हाना,” आबा म्हणाले, आणि पाणी सोडलं.

मी डायरी उघडली. मागचं पान काढलं. इग्नाझ, रेगिना, ग्रेटे, ओटो, पाउल. हे पान मी कोणाला दाखवलं नव्हतं. मास्तरांना बाळाचं सांगितलं होतं, पण यांतलं एकही नाव नाही, आणि मास्तर कुक्षीला होते. पाचही बरोबर होती. सहावं मी तिथेच बॅगवर बसून लिहिलं. अक्षर वाईट आलं.

मध्ये बोलता येईना. पान ठेवलं, कावळा आला, सगळ्यांची पानं वाढली, तेव्हा कुठे आबांजवळ गेले.

“आबा, मला हेच हवं होतं. त्या मुलीचं नाव.”

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “नाव हवे होते?”

“हो.”

“मग चार दिवस कागद कागद काय करीत होतीस?”

सुरेशभिया हसले. वहिनी हसल्या. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, “तुम्ही सांगायचं तरी!”

“तू कागद विचारलेस, मी नाहीत म्हणालो. अमावस्येपर्यंत राहा म्हणून दोनदा सांगितले. म्हटले, डॉक्टरांची चौकशी करते आहे पोर, त्यांच्या माणसांस पाणी देताना असावी. नावे अशी ओट्यावर बसून उच्चारीत नाहीत.”

मग त्यांनी सांगितलं. लढाई संपली त्या वर्षी डॉक्टरांना कुठूनसं कळलं, की कोणीही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले, सगळे रोगी तपासले, आणि जाताना तात्यांना म्हणाले, आमच्यात माणूस गेला त्या दिवशी दर वर्षी दिवा लावतात. मला दिवस माहीत नाही. तुमच्यात दिवस माहीत नसेल तर काय करतात? तात्या म्हणाले, सर्वपित्री अमावस्या असते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. डॉक्टरांनी नावं सांगितली. बाळाचं शेवटी सांगितलं.

“ते स्वतः करायला बसले का?” मी विचारलं.

“नाही. त्यांचा धर्म निराळा. तात्या बसले. डॉक्टर तिथे उभे होते.” आबांनी मी बसले होते ते दार दाखवलं. “डोक्यावर हॅट तशीच. स्वतःच्या भाषेत पुटपुटत होते. तात्यांचे झाले तेव्हा त्यांचेही झाले. जोवर धारेस होते, दर वर्षी आले.”

जेवण उत्तम होतं, असं म्हणतात. वडे, खीर, गवार, आमसुलाची चटणी. मला चव आठवत नाही. दुपारच्या बसला कंडक्टर पुन्हा ‘अब्बी’ म्हणाला, तेव्हा मी घड्याळ बघितलं नाही.

परतल्यावर

सर म्हणाले, तोंडी आहे, पुरावा म्हणायचा कसा? आयुष्यात पहिल्यांदा मी सरांशी वाद घातला. सहापैकी पाच नावं जुळली आहेत आणि ती मी सांगितलेली नव्हती, असं तीन वेळा म्हणाले, तिसऱ्यांदा बहुधा जरा जोरात. सर म्हणाले, “ठीक है, लिखो.” पत्र मी लिहिलं. माझं इंग्रजी सरांनी तपासलं.

दिवाळी झाल्यावर उत्तर आलं. मिरियमबाईंनी सहावा कागद भरून त्याची प्रत पाठवली होती. माहिती देणाऱ्याचं नाव आबांचं होतं, खाली त्यांची सही हवी होती, आणि नात्याचा रकाना त्यांनी आबांसाठी मोकळा ठेवला होता. मी पुन्हा धारला गेले. या वेळी बस फक्त कचोरीसाठी थांबली, टायरसाठी नाही.

आबांनी चष्मा लावला आणि मला प्रत्येक रकाना वाचून दाखवायला लावला. नाव, हाना. आईचं नाव, ग्रेटे. नात्याच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.

“आप्त. दुसरे काय.”

मी देवनागरीतच लिहिलं. त्यांनी सही केली, मोठी, हळूहळू. मग बोट एका मोकळ्या रकान्यावर ठेवलं.

“इथे काय विचारले आहे?”

“मृत्यूची तारीख.”

“मिरियमलाही मिळाली नाही?”

“नाही, आबा.”

त्यांनी कागद घडी न पाडता माझ्याकडे परत दिला आणि आत हाक मारली, “सुरेश, इकडे ये. वही घेऊन ये. सहा नावे सांगतो, लिहून घे, माझ्यामागे तुला लागतील. तिथी अमावस्याच आहे, बदललेली नाही.”